डिप्लोम्याने सनद मिळत नाही

कोथरूडहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्सला, इंग्रजी माध्यमातली. तिला ‘इंटरनॅशनल सायबर लॉ’ करायचंय. सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा पुरेल, की थेट परदेशी पदवीलाच पाठवावं?

नमस्कार. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. वकिलीची सनद एलएल.बी.वर मिळते, डिप्लोम्यावर नाही. परदेशी पदवी बार कौन्सिलच्या मान्यतेची लागते, वर वेगळी पात्रता परीक्षा. त्यापेक्षा बारावीनंतर लॉ सीईटी देऊन पाच वर्षांचा अभ्यासक्रम करू दे. खुल्या गटाला 45 टक्के लागतात, सायन्स चालतं.

आता विषयाचं. कुठल्या देशात किती वर्षं शिक्षा, हे पाठ करून फार काही हाती लागत नाही. दुसऱ्याच्या संगणकात चोरून शिरणं बहुतेक ठिकाणी गुन्हाच आहे. ब्रिटनचा कायदा 1990 चा, आपला आयटी कायदा 2000 चा. घोडं अडतं ते सीमेवर. ‘आय लव्ह यू’ व्हायरसचा फिलिपिन्समधला संशयित 2000 साली सुटला, कारण तिथे तेव्हा तसा कायदाच नव्हता. आणि कृत्य दोनपैकी एका देशात जरी गुन्हा नसेल, तर सहसा प्रत्यार्पणही (आरोपीला त्या देशाच्या ताब्यात देणं) होत नाही. सायबर गुन्ह्यांवरच्या 2001 च्या बुडापेस्ट करारातले देश चोवीस तास चालणाऱ्या संपर्ककेंद्रांतून एकमेकांना डेटा तातडीने गोठवायला सांगू शकतात. भारत त्या करारात नाही. आपला तपास अधिकारी बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 112 खाली कोर्टाकडून परदेशासाठी विनंतिपत्र घेतो. त्याचं उत्तर येईपर्यंत महिने जातात, तोवर सर्व्हरवरचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, पुसलेले.

पुण्यातलंच पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये सायबर हल्ल्यात कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले, बरीचशी रक्कम 28 देशांतल्या एटीएममधून. 2023 मध्ये इथल्या कोर्टात अकरा जण दोषी ठरले, पण ते इथल्या एटीएममधून पैसे काढणाऱ्या साखळीतले.

म्हणून तिने पुरावा आणि प्रक्रिया पक्की करावी. डिजिटल पुराव्यासाठी लागणारं बीएसएच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 चं प्रमाणपत्र दोन भागांचं असतं: एक उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, दोन्हींत हॅश हवा, म्हणजे डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा आकडा. जप्तीनंतर कुणी फोन चालू करून पाहिला की हॅश बदलतो, आणि बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. आयटी कायद्याचं कलम 66 ड (दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक) जामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणून फिर्यादीत बीएनएसचं (नवी दंडसंहिता) फसवणुकीचं कलम 318(4) जोडलेलं दिसतं, तिथे सात वर्षांपर्यंत. हे वर्गात कमी आणि शिवाजीनगर कोर्टात जास्त कळतं. दुसऱ्या वर्षापासून तिला एखाद्या फौजदारी वकिलाकडे बसवा.

आणि हो, फिर्याद, पंचनामा सगळं मराठीत असतं. ते वाचायची सवय आत्ताच लावा. ‘काळ्या रंगाचा मोबाइल’ एवढंच लिहून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, राहून गेलाय, हे तिला स्वतः वाचून कळलं पाहिजे.