'क्लिअरन्स' मराठीत कसं लिहायचं?

एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) बाळांच्या आई-बाबांसाठी माहितीपत्रक लिहिताय आणि 'प्रीमॅच्युअर बाळाच्या किडनीचा क्लिअरन्स कमी असतो, म्हणून जेंटामायसिन (एक अँटिबायोटिक) रोज देत नाहीत' यातल्या क्लिअरन्सला उत्सर्जन चालेल का असं विचारलंय. मी म्हणेन निचरा लिहा.

उत्सर्जन म्हणजे बाहेर टाकणं, आणि क्लिअरन्स म्हणजे एका मिनिटात किती मिली प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) औषधापासून मोकळा झाला तो आकडा, म्हणजे वेग आहे तो. शेतकरी 'या जमिनीला निचरा नाही' म्हणतो तेव्हा जमिनीचा गुण सांगतो, पाऊस किती पडला ते नाही, इथेही तेच. आकडा देणार असाल तर 'निचऱ्याचा वेग' म्हणा.

पण खरी काळजी पुढच्या शब्दांची घ्या. 'कमजोर किडनी' किंवा 'किडनी नीट चालत नाही' असं प्लीज लिहू नका, आई वाचून हादरेल आणि ते खरंही नाही. नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, तयार व्हायचं काम पोटात साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत चालू असतं, २८ आठवड्यांचं बाळ त्याच्या आधीच बाहेर आलेलं असतं, हा आजार नाही. 'किडनी अजून तयार होतेय' एवढंच पुरे. जेंटामायसिन जवळपास सगळं लघवीवाटेच जातं, मग ते रक्तात जास्त वेळ राहतं आणि साठलं तर कानाला नि किडनीला त्रास. म्हणून दोन डोसमधलं अंतर २४ ऐवजी ३६ किंवा ४८ तास ठेवतात. किलोमागचा डोस मात्र त्यासाठी कमी करत नाहीत, कारण या बाळांच्या अंगात पाणी जास्त, औषध त्यात पातळ होतं. जन्मानंतर निचरा वाढत जातो तसं अंतरही कमी करता येतं.

आणि नुसतं 'लहान बाळ' नको. कमी दिवसांचं म्हणजे ३७ आठवड्यांआधीचं, कमी वजनाचं म्हणजे अडीच किलोच्या आतलं, १८०० ग्रॅमचं बाळ पूर्ण दिवसांचंही असू शकतं ना. ढोबळमानाने मिलिग्रॅम वजनावरून ठरतात आणि दोन डोसमधले तास दिवसांवरून.

क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात तो घटक) हा शब्द आहे तसाच ठेवा, फक्त पहिल्या एकदोन दिवसांतला आकडा बराचसा आईच्या रक्तातून आलेला असतो हे एक वाक्य त्याच्याखाली घाला, नाहीतर रिपोर्ट बघून घरचे घाबरतात.