दोन्ही टोकं सारखी कशी?

पोरी,

मागाच्या फणीच्या (आडवं सूत कापडाला ठोकून बसवणाऱ्या भागाच्या) त्वरणाचा तुझा आलेख मिळाला. रेघ देखणी आहे, पण फणी पुढच्या, कापडाकडच्या टोकाला असो की मागच्या, तू काढलेलं त्वरण तेवढंच, १७.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. इथंच मला खटकलं. बेळगावच्या उद्यमबागेत कामाला लागण्याआधी माझं बालपण वडगावात मागांच्या खडखडाटात गेलं. तिथल्या कुणाला हा कागद दाखवला तर तो हसेल.

कंपास घे. क्रँकची, म्हणजे मागच्या बाजूला गोल फिरणाऱ्या दांड्याची, त्रिज्या ७० मिमी; त्याला फणीशी जोडणारा कनेक्टिंग रॉड २८० मिमी. (फणी खरं तर कमानीत झुलते, पण तूर्त सरळ रेषेत धर.) क्रँक काटकोनात आणला की फणी मधोमध यावी असं वाटतं ना? २८० च्या वर्गातून ७० चा वर्ग वजा कर, वर्गमूळ काढ: २७१. मधोमध यायला क्रँकच्या अक्षापासून २८० हवं होतं. म्हणजे मध्यापासून ९ मिमी मागंच. टोकापासून क्रँकचा पाव फेरा झाला तरी फणीचा एकेरी प्रवास नेमका निम्मा होत नाही. मागच्या बाजूला फणी जास्त वेळ रेंगाळते, आणि ते आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या सोयीचं असतं. तेवढ्या वेळातच त्याला उघडलेल्या ताण्यातून (उभ्या धाग्यांतून) एका काठाकडून दुसऱ्या काठाला पळायचं असतं.

मिनिटाला १५० फेरे धरलेस तर त्वरण पुढच्या टोकाला सुमारे २१.६, मागं १३ मीटर प्रति सेकंद वर्ग. तू रॉडची लांबी हिशेबातून गाळलीस, म्हणून सरासरी तेवढी हाती आली. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढंच करतं.

रागावत नाही. उमेदवारीत मी चार दांड्यांची एक यंत्रणा केली होती: ४०, ५०, ९०, ११० मिमी. ड्रॉईंगवर तीन जागी तपासली, तिन्हीकडं झकास. मोटार लावली तर फेरा पुरा व्हायच्या आतच दांडा अडला आणि पिन तुटली. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा मिळून १५०, उरलेले दोन १४०. पहिली बेरीज दुसरीपेक्षा जास्त, मग पूर्ण फेरा कुठला व्हायला! ग्रॅशॉफचा हा नियम मी परीक्षेत लिहिलाही होता. मिस्त्रींनी कानडीत घातलेली शिवी अजून पाठ आहे.

रविवारी वडगावात ये. भावाकडं एक जुना माग पडून आहे, मोटार काढलेला. चाकावर दर ३० अंशांवर खडूची खूण कर, फणीशी पट्टी लाव, हातानं हळूहळू फिरव आणि आकडे वहीत लिही. आलेख त्यानंतर काढ. खडू तूच आण, इथं मिळत नाही.

तुझा काका