पहिली-दुसरीला आहार शिकवताना डबे तपासू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, वर्ग दुसरीचा. प्रथिनं-जीवनसत्त्वांचा रंगीत तक्ता लावला, पाठ करून घेतला. डब्यात भाजी आणणाऱ्याला स्टारही देता. तरी शाळेत मिळणाऱ्या खिचडीतली भाजी ताटाच्या कडेला निघतेच, तर आता काय करावं?

आधी ते स्टार बंद करा. सात वर्षांचं पोर स्वतःचा डबा ठरवत नाही. आई विड्या वळते, नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. सकाळच्या घाईत जे होईल ते डब्यात पडतं. म्हणजे तुमचा स्टार जातो तो आईच्या सवडीला आणि घरच्या पगाराला. पोराच्या वाट्याला नुसती लाज येते. माझ्या वर्गात एक मुलगी डब्याचं झाकण अर्धंच उघडायची, आत हात घालून तुकडा मोडायची आणि मान खाली घालून खायची. होतं काय आत? ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. शेजारणीच्या डब्यात नूडल्स, त्याचं झाकण मात्र सताड उघडं! मी तिच्याकडे एक तुकडा मागून घेतला, सगळ्यांसमोर खाल्ला आणि चटणी कुणी कुटली ते विचारलं. "आज्जीनं." दुसऱ्या दिवशी आज्जीनं माझ्यासाठी कागदात बांधून चटणी पाठवली. तिखट अशी की पाणी पिऊन पिऊन तास घेतला.

त्या डब्यात काय वाईट होतं सांगा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, बाहेरगावचे लोक ती शोधत येतात आणि आपली पोरं ती झाकून खातात. ज्वारीतून तंतू मिळतो, लोह मिळतं. प्रथिनात तिची जी बाजू लंगडी आहे ती डाळ, मटकी भरून काढते. हे मुलांना सांगायला 'लायसिन' (ज्वारीत कमी पडणारा प्रथिनाचा घटक) हा शब्द लागत नाही. भाकरीसोबत आमटी किंवा उसळ असली की जोडी जमली, एवढं पुरतं.

आता भाजीचं. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा हिशोब. भाजी कडेला निघाली की हिशोब कागदावरच राहतो. काहीजण स्वयंपाकाच्या ताईंना सांगून भाजी शिजवून घोटून टाकतात. ती पोटात जाते हे खरं, पण मुलाची दुधी-पालकाशी ओळख होत नाही आणि घरी गेल्यावर नाक मुरडणं चालूच. न आवडलेला पदार्थ लहान मुलापुढे आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा यावा लागतो, तेव्हा कुठं तोंडात टिकतो. तोवर सक्ती नको, "एक घास तरी" नको, लाच तर नकोच. वास घे, बोटानं चाखून बघ, नको वाटलं तर ठेव. तुम्ही मात्र पंगतीत बसून तेच खा.

सुरुवात मटकीपासून करा. मुलांनी स्वतः निवडायची, खडे काढायचे, रात्रभर भिजवायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधायची. पुढच्या दिवशी मोड पट्टीनं मोजायचे, गणिताचा तासही त्यात निघतो. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात ती लवकर आंबते, म्हणून दिवसातून दोनदा धुवा, बुळबुळीत झाली तर टाकून द्या. मोड चांगले आले तरी कच्चे देऊ नका, वाफवून घ्या; उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. लिंबू पिळायचं काम मुलांना द्या, त्यासाठी भांडणं होतील! लिंबातलं क जीवनसत्त्व डाळी-उसळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलटं करतो. आपल्याकडे कितीतरी पोरं सकाळी चहा-खारीवर शाळेत येतात. चहा सोडा म्हणून भाषण देऊन काही होत नाही. तो जेवणापासून तासभर लांब ठेवा, एवढं पालकसभेत सांगितलं तर आया ऐकतात.

फाटकाबाहेरच्या पाकिटांचं म्हणाल तर शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षेचा 2020 चा नियम आहे. मुख्याध्यापकांना तो दाखवा. पण त्या झपाट्यात पेरू, बोरं घेऊन बसणाऱ्या मावशींना उठवू नका. तिथं खाल्लेलं बोर तुमच्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवतं.

काही चाखायला देण्याआधी पालकांना विचारून घ्या, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल निघतं. बालवाडीतल्यांना अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात, कूट चालेल. आणि मटकी जमली म्हणून उत्साहात ज्वारीला मोड आणून मुलांना खायला घालू नका. कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य तयार होतं. कोवळी ज्वारी जनावराला लागते, हे वर्गातल्या कुणाच्याही आजोबांना विचारा.