पाण्यात बुडी मारण्यासाठी श्वास रोखण्याचा सराव सुरू करताना
श्वास रोखल्यावर काही वेळाने होणारी कासाविशी प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, तर मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, हे तुम्ही प्रथम नीट समजून घ्यावे. कारण सुरुवातीचा बहुतेक सराव ती कासाविशी शांतपणे सोसण्याचाच असतो. छातीखालचा पडदा आचके देऊ लागला, की नवखा माणूस घाबरून खांदे आवळतो, मुठी वळतो आणि उरलेला प्राणवायू त्यातच खर्च करतो. अशा वेळी जबडा आणि मान सैल सोडण्याकडे लक्ष द्यावे.

सराव कोरड्या जागी, अंथरुणावर पडून आणि रिकाम्या पोटी करावा. तुमचा कमाल वेळ २ मिनिटे असेल, तर १ मिनिट श्वास रोखून २ मिनिटे विश्रांती घ्यावी आणि पुढे प्रत्येक वेळी विश्रांती १५ सेकंदांनी कमी करत ८ फेऱ्या पूर्ण कराव्यात. एक दिवसाआड एवढे पुरते.

एका गोष्टीबाबत मात्र मी आग्रही आहे. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्यामुळे प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही; केवळ कार्बन डायऑक्साइड घटून श्वास घेण्याची हाक उशिरा येते, आणि ती येण्याआधीच शुद्ध हरपू शकते. म्हणूनच कमरेइतक्या पाण्यातही एकट्याने सराव कधीही करू नये. सोबत्याला बचावाचे प्रशिक्षण असावे आणि तुम्ही वर आल्यानंतरही किमान ३० सेकंद त्याने तुमच्या चेहऱ्यावरून नजर हटवू नये, कारण पहिले काही श्वास घेतल्यावरही माणूस बेशुद्ध होऊ शकतो.