कोल्हापुरात राहून कोकण किनाऱ्यावर प्रिंट्सची मालिका करायची आहे. लिनो घ्यावा की एचिंग?

लिनो घ्या, म्हणजे मऊ लिनोलियमवर कोरून छापायचं. एचिंगमध्ये धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा खोदून त्यांत शाई भरतात. लिनोला छपाईची प्रेस नसली तरी चमच्याच्या पाठीनं घासून ठसा उठतो. पण तुम्ही पुढं लिहिलंय, ‘माड, होड्या, लाटा असे विषय डोक्यात आहेत’, म्हणून लिहायला बसलो. माड-होड्या नका करू. कोकणात मोडीत निघालंय ते वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर.

अणुस्कुरा घाटानं राजापूरकडं उतरलात की जांभ्याचे सडे लागतात. मे महिन्यात नुसता काळा कातळ, सातबाऱ्यावर पोटखराब. पाऊस लागला की त्याच कातळावरच्या चिमूटभर मातीत दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. पुढं गेंद आणि सीतेची आसवं ही फुलं सगळा सडा व्यापतात. चिरेखाणी आणि सुरुंग लावून, माती भरून केलेल्या आंब्याच्या बागा हे सगळं गिळत चालल्यात.

मी हीच मालिका लाकडात कोरली. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून रोलर कातून घेऊन प्रेस बनवली, पावसात भिजत स्केचेस केली. प्रदर्शनात एक ज्येष्ठ जलरंगवाले आले. माझ्यासमोर दोघा विद्यार्थ्यांना म्हणाले, "हे चित्र न्हवं, शिक्का हाय. आणि सड्यावर बघण्यासारखं काय असतंय?" चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावात जलरंगाचा मान मोठा, तो असावाच, मीही रंकाळ्यावर जलरंगच शिकलो. पण ती दोन पोरं माझ्या चित्रांकडं न बघता निघून गेली, ते अजून सलतं.

सड्यावर काय असतंय? कशेळीला कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेत. देवाचे गोठणे, बारसू, उक्षी, सगळीकडं अशी कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पावसाचं पाणी त्या खाचांत साचतं तेव्हा एचिंगच्या प्लेटमध्ये शाई भरल्यासारखी रेघ उठते. किनाऱ्याची सगळ्यात जुनी चित्रं कोरलेली आहेत, रंगवलेली नाहीत. आपण त्याच हातांचे वारस आहोत.

एचिंगकडं नंतर वळा. नायट्रिक ॲसिड बंद खोलीत वापरू नका. जुलैत कोल्हापुरात तेलाची शाई लवकर वाळत नाही, तेव्हा छपाई दिवाळीनंतर ठेवा आणि पावसाळा स्केचेसना द्या. कातळशिल्पावर कागद ठेवून घासून ठसा अजिबात घेऊ नका, जांभा झिजतो. फुलांवर पाय देऊ नका.

आणि रिडक्शन पद्धतीनं करा. एकच लिनो, प्रत्येक रंगानंतर थोडा आणखी कोरायचा. शेवटचा रंग छापेपर्यंत आधीचं काही उरत नाही. सगळ्या प्रती मिळूनच मूळ चित्र. प्रत्येकीवर पेन्सिलनं क्रमांक आणि सही घाला, आणि कुणी शिक्का म्हटलं तर तो कोरून संपलेला लिनो त्यांच्या हातात द्या.