पुढचे डागाळलेले दात: काँपोझिटला (दाताच्या रंगाच्या भरावाला) हात घालण्याआधी

शेड (दाताच्या रंगाची छटा) आधी घे, बाकी सगळं नंतर. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावला की दात सुकतो, पांढरट दिसू लागतो आणि तू नको तितकी उजळ शेड निवडतोस. खिडकीजवळच्या उजेडात बघ, लिपस्टिक असेल तर पुसायला सांग. शेड गाइडवर (रंगांच्या नमुन्यांवर) फार विसंबू नकोस. एच न करता (ॲसिड लावून दात खरखरीत न करता) दातावर काँपोझिटचा छोटा ठिपका ठेव, क्युअर कर (दिव्याच्या उजेडाने घट्ट कर), मग बघ. क्युअर झाल्यावर रंग बदलतो. ठिपका नंतर सहज निघतो.

एकच दात काळपट असेल तर आधी एक्स-रे. नस मेलेली असली तर रूट कॅनाल, मग आतून ब्लीचिंग. वरून नुसता थर चढवून काळेपणा झाकायला गेलास तर दात जाड आणि राखाडी दिसतो. ब्लीचिंगनंतर बाँडिंगला (काँपोझिट चिकटवायला) दोन आठवडे तरी थांब, दातात उरलेला ऑक्सिजन काँपोझिटमधल्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

चंद्रपूर, यवतमाळकडच्या पेशंटचे तपकिरी डाग बहुधा फ्लोरोसिसचे, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडलेले. त्या इनॅमलचा (दाताच्या बाहेरच्या कडक कवचाचा) वरचा थर ॲसिडला दाद देत नाही, म्हणून बर (ड्रिलचं टोक) हलका फिरव आणि ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ ठेव. गडद डागावर ओपेकरचा (डाग झाकणाऱ्या अपारदर्शक थराचा) पातळ हात, त्यावर डेंटिन (दाताचा आतला थर) शेडचं काँपोझिट, शेवटी इनॅमल शेडचं.

पॉलिशला कंटाळू नकोस, खरखरीत काँपोझिट चहा-हळद लगेच धरतं. तंबाखू खाणाऱ्याला मात्र पैसे घेण्याआधीच सांग: डाग परत पडतील, अधूनमधून पॉलिशला यावं लागेल.