मर्यादा 4.99 टक्क्यांची, मग कौन्सिल टॅक्स 10 टक्के कसा वाढला?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला भाड्याच्या घरात राहतो. लोकांचे मत घेतल्याशिवाय कौन्सिल टॅक्स (स्थानिक कौन्सिलचा घरांवरचा कर) 5 टक्के वाढवता येत नाही, असे ऐकून होतो. प्रत्यक्षात 2023 मध्ये तो जवळजवळ 10 टक्के वाढला आणि 2024 मध्ये पुन्हा साडेआठ टक्क्यांच्या घरात. मतदान झालेच नाही. हे कायद्यात बसते का? आणि वाढ रोखायला आमच्या हातात काय आहे?

उत्तर : बसते. ही मर्यादा म्हणजे वाढीवर बंदी नव्हे. 2011 च्या लोकॅलिझम कायद्यानुसार सरकार दरवर्षी एक आकडा ठरवते आणि संसदेचे कनिष्ठ सभागृह तो मंजूर करते. वाढ त्या आकड्याला पोचली की कौन्सिलला स्वखर्चाने सार्वमत घ्यावे लागते. 2023 साली बहुतेक मोठ्या कौन्सिलांसाठी हा आकडा 5 टक्के होता: 3 टक्के सर्वसाधारण खर्चासाठी, 2 टक्के वृद्ध आणि अपंगांच्या सेवेसाठी. म्हणून जिकडेतिकडे 4.99 दिसते.

पण आकडा सगळ्यांना एकच नसतो. दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या कौन्सिलांना सरकार तो वाढवून देते. 2023 मध्ये स्लाउ आणि थरॉकला 10 टक्के, तर क्रॉयडनला 15 टक्के मिळाले. 2024 मध्ये स्लाउसाठी तो साडेआठ होता. सार्वमताची वेळच आली नाही ती यामुळे. कारभार कौन्सिलचा बिघडला आणि मर्यादेचे संरक्षण मात्र रहिवाशांचे गेले, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

सार्वमताची वाट सहसा कोणी धरत नाही. मे 2015 मध्ये बेडफर्डशरच्या पोलीस आयुक्तांनी बिलातल्या आपल्या हिश्शात 15.8 टक्के वाढीसाठी ते घेतले. मतदारांनी मोठ्या फरकाने वाढ नाकारली आणि नवी बिले काढावी लागली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मर्यादा तुमच्या एकूण बिलाला नसते, बिलात हिस्सा असलेल्या प्रत्येक संस्थेच्या डी बँडच्या दराला असते (बँड म्हणजे घराच्या किमतीनुसार पाडलेला गट). पोलीस आणि अग्निशमन दलाच्या हिश्शांना वेगळी मर्यादा असते, तीही बहुतेकदा टक्क्यांऐवजी पौंडांत (2023 साली पोलिसांसाठी 15 पौंड). पॅरिश कौन्सिलला (गावपातळीच्या कौन्सिलला) तर सहसा मर्यादाच नसते. त्यामुळे बिल तपासताना शेवटची बेरीज नव्हे, एकेक ओळ गेल्या वर्षीच्या बिलाशी ताडून पाहा. कौन्सिलचा डी बँडचा दर 2,000 पौंड असेल, तर 4.99 टक्के म्हणजे 99.80 पौंड. सी बँडवाल्याला त्याच्या आठ नवमांश, म्हणजे 88.71 पौंड जास्त पडतात.

दर ठरण्याआधी बोलायचे असेल तर वेळ डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा अंदाजपत्रकावर हरकती मागवतात. 11 मार्चच्या आधी कर ठरवावा लागतो; बिल हातात आल्यावर दराबद्दल तक्रार करून काही होत नाही.

बँडबद्दल मात्र करता येते, आणि कर भरणारे तुम्ही असाल तर भाडेकरू म्हणूनही. आपल्याकडच्या घरपट्टीसारखा हा कर घरमालकावर नसतो, सहसा राहणाऱ्यावर असतो. बँड 1 एप्रिल 1991 च्या किमतीवर ठरलेला असतो. डी म्हणजे तेव्हाचे 68,001 ते 88,000 पौंड. घराचा कर तुमच्या नावावर येऊन सहा महिने झाले नसतील तर बँडला औपचारिक आव्हान देता येते आणि निकाल पटला नाही तर तीन महिन्यांत ट्रायब्यूनलकडे जाता येते. तिथे फी नाही. सहा महिने उलटले असतील तर भक्कम पुरावा देऊन फेरतपासणी मागावी लागते. पुरावा म्हणजे जवळचीच, त्याच आकाराची, त्याच काळात बांधलेली, पण खालच्या बँडमधली पाचपर्यंत घरे. किंवा एप्रिल 1989 ते मार्च 1993 मधले विक्रीभाव. आजची किंमत दाखवणारे अर्ज इथेच फसतात. बँड वरही जाऊ शकतो, शेजाऱ्यांचासुद्धा. म्हणून आधी गल्लीतले सगळे बँड बघा. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवू नका.

प्रश्न : मी एकटीच राहते, वर्क व्हिसावर आहे. सवलत मागितली तर व्हिसाला धोका आहे का?

उत्तर : घरात एकच प्रौढ असेल तर मिळणारी 25 टक्के सूट सरकारी मदतीत मोडत नाही, ती निर्धास्त मागा. उत्पन्न कमी असल्यास मिळणारे ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ मात्र त्यात मोडते. ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट तुमच्या व्हिसावर असेल तर तो अर्ज भरू नका. दोन्हींची नावे सारखी वाटतात आणि काही वेळा कौन्सिलच्या एकाच पानावर असतात, म्हणून अर्जाचे शीर्षक नीट वाचूनच पुढे जा. बिल दहाऐवजी बारा हप्त्यांत मागितले तर व्हिसाचा प्रश्नच येत नाही.